एक अंगठा, पाच हिशोब: अपंगत्वाचा विमा नेमका कसा मोजला जातो

समजा, पॉवर प्रेसखाली चाळिशीतल्या एका कामगाराचा अंगठा मुळापासून गेला. पैसे किती मिळतील? बँक खात्यातून वर्षाला वीस रुपये कापून घेणाऱ्या विम्यातून शून्य. त्याने स्वतः घेतलेल्या दहा लाखांच्या अपघात पॉलिसीत पूर्ण अंगठ्याला २५ टक्के लिहिले असतील, तर अडीच लाख. एलआयसीच्या अपंगत्व रायडरमधून, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडून घेतलेल्या जादा संरक्षणातून, पुन्हा शून्य. ईएसआयसी, म्हणजे पगारातून कापला जाणारा सरकारी कामगार विमा, असेल तर हातात मोठी रक्कम येणार नाही, पण दरमहा काही हजार जन्मभर येत राहतील. ईएसआयसी लागू नसेल तर मालकाकडून पाच लाखांच्या आसपास.

अंगठा तोच आणि अपघातही तोच. तरी उत्तरं पाच, कारण प्रत्येक ठिकाणची मोजपट्टी वेगळी. खासगी पॉलिसी अवयव मोजते. कामगार कायदे कमाईची ताकद किती घटली ते मोजतात. सिव्हिल हॉस्पिटलमधून मिळणारं दिव्यांगत्व प्रमाणपत्र शरीराची घटलेली क्षमता मोजतं. ओळखीपाळखीत असे कागद भरून देताना मला सर्वांत जास्त वेळा भेटणारा गैरसमज असा: ‘प्रमाणपत्रावर ४० टक्के आहे, म्हणजे विम्याच्या रकमेच्या ४० टक्के मिळणार.’ असं नसतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्क्यांची रेषा सरकारी सवलती आणि आरक्षणासाठी आहे. विमा कंपनी ते प्रमाणपत्र पुरावा म्हणून बघते आणि पैसे स्वतःच्या तक्त्याप्रमाणे मोजते.

पायरी १: घरात आधीच काय पडलंय ते बघा

नवीन काही विकत घेण्याआधी एक संध्याकाळ काढा आणि कागद बाहेर काढा. बहुतेक घरांत तीन-चार विमे असतात, फक्त ते आहेत हे कुणाला माहीत नसतं.

पगाराची स्लिप बघा. ईएसआयसीची ०.७५ टक्के कपात दिसते का? पीएफची दिसते का? कंपनीचा ग्रुप अपघात विमा आहे का, हे एचआरला विचारा. असेल तर त्यात फक्त मृत्यू आहे की अपंगत्वही, हेही लगेच विचारून घ्या. नोकरी सुटली की हा विमा सुटतो.

मग बँकेचं पासबुक. मे महिन्याच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला वीस रुपये गेलेले दिसले, तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. २०१५ मध्ये ती बारा रुपयांत सुरू झाली, १ जून २०२२ पासून हप्ता वीस रुपये झाला. वय १८ ते ७० आणि वर्ष १ जून ते ३१ मे. दोन्ही डोळे, दोन्ही हात, दोन्ही पाय, किंवा एक डोळा आणि एक हात वा पाय कायमचा गेला तर दोन लाख. एक डोळा, एक हात किंवा एक पाय गेला तर एक लाख. बोटं, अंगठा, मोडून नीट जुळलेलं हाड, हॉस्पिटलचं बिल यांना काही नाही. खात्यात वीस रुपये नव्हते म्हणून विमा बंद पडला, असं खूप होतं. पगार एका खात्यात आणि ही कपात दुसऱ्या, विसरलेल्या खात्यातून, अशी मांडणी असेल तर आजच बदला.

गाडीची पॉलिसीही काढा. मालक-चालकासाठी त्यात पंधरा लाखांचा अपघात विमा असतो: दोन अवयव गेल्यास पूर्ण, एक अवयव किंवा एका डोळ्याची दृष्टी गेल्यास निम्मे. पण गाडी ज्याच्या नावावर, तोच चालवत असला पाहिजे आणि त्याचं लायसन्स चालू असलं पाहिजे. आपल्याकडे बाइक वडिलांच्या नावावर आणि फिरवतो मुलगा. अशा घरात या विम्याचा मुलाला काही उपयोग नाही.

घरात शेती असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना बघा. आधी इथे विमा कंपनी मध्ये होती आणि दावे अडकायचे. २०२३ पासून राज्य सरकार थेट अनुदान देतं. वय १० ते ७५, रक्कम सुरक्षा विमा योजनेसारखीच दोन लाख आणि एक लाख. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी तर येतोच, नाव नसलेला कुटुंबातला आणखी एक जणही येतो. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत अर्ज करायचा असतो, आणि सुतकात हे तीस दिवस कधी जातात ते कळत नाही.

पायरी २: तीन संज्ञा पाठ करा

कायमचं पूर्ण अपंगत्व, म्हणजे पीटीडी. कायमचं अंशतः अपंगत्व, म्हणजे पीपीडी. तात्पुरतं पूर्ण अपंगत्व, म्हणजे टीटीडी. एजंट ‘डिसेबिलिटी कव्हर आहे’ म्हणाला, की तीनपैकी कुठलं, हा पहिला प्रश्न.

पीटीडीची व्याख्या भयंकर कडक असते. एलआयसीच्या अपघात व अपंगत्व रायडरचं उदाहरण घ्या. तिथे दोन्ही डोळ्यांची दृष्टी जाणं, दोन्ही हात मनगटापासून किंवा दोन्ही पाय घोट्यापासून तुटणं, एक हात आणि एक पाय जाणं, किंवा यापुढे कधीही कुठलंही कमाईचं काम करता येणार नाही अशी अवस्था लागते. तीही अपघातापासून १८० दिवसांत. ‘कुठलंही काम’ हे शब्द नीट वाचा. ड्रायव्हरचा एक पाय गेला तर ड्रायव्हिंग संपलं, पण कंपनी म्हणू शकते की बसून तिकिटं फाडता येतील. दावा मंजूर झालाच तर रक्कम दहा वर्षांच्या समान मासिक हप्त्यांत येते आणि पुढचे प्रीमियम माफ होतात. एकरकमी येईल आणि कर्ज फेडू, असा हिशोब मांडला असेल तर तो चुकेल.

पीपीडीला तक्ता असतो: कुठलं बोट, किती पेरं, एक कान की दोन. तक्त्यात नसलेल्या दुखापतीसाठी काय, हे पॉलिसीत एका वाक्यात लिहिलेलं असतं. ते वाक्य शोधा.

टीटीडी म्हणजे घरी बसलेल्या आठवड्यांचे पैसे. खरं तर घर चालवायला हेच लागतं, आणि नेमकं हेच बहुतेक स्वस्त पॉलिसींत नसतं.

पायरी ३: ईएसआयसी असेल तर ती आधी समजून घ्या

या विषयातली सर्वांत चांगली योजना कुठली असं विचाराल तर मी ईएसआयसी म्हणेन. दवाखान्यातल्या रांगा आणि औषधांच्या तक्रारी खऱ्या आहेत. पण अपंगत्वाच्या बाबतीत तिच्या तोडीचं काही बाजारात विकत मिळत नाही. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार तिच्यात येतात. दिव्यांग कामगारांसाठी ही मर्यादा २५,००० आहे. मालक ३.२५ टक्के भरतो.

कामावर दुखापत झाली तर दोन टप्पे असतात. पहिला तात्पुरत्या अपंगत्वाचा: डॉक्टर कामावर जाऊ नको म्हणतील तोवर सरासरी रोजाच्या ९० टक्के. यासाठी अमुक दिवस नोकरी झालेली असावी अशी अट नाही. रुजू झाल्याच्या पहिल्या दिवशी हात सापडला तरी हक्क आहे. सरासरी रोज ६०० रुपये असेल तर दिवसाला ५४०, आणि ४५ दिवस घरी काढले तर २४,३००.

जखम भरली आणि कमतरता राहिली, की दुसरा टप्पा. मेडिकल बोर्ड कमाईची ताकद किती टक्के गेली ते ठरवतं. कायद्याच्या तक्त्यात पूर्ण अंगठ्याला ३० टक्के, पूर्ण तर्जनीला १४, मधल्या बोटाला १२, करंगळी किंवा अनामिकेला ७ असे आकडे आहेत. आपल्या कामगाराचे ५४० गुणिले ३० टक्के म्हणजे रोजचे १६२ रुपये, महिन्याला साधारण ४,८६०. हे आयुष्यभर मिळतं. तो त्याच कारखान्यात परत कामाला लागला आणि पूर्ण पगार घेऊ लागला, तरी ते बंद होत नाही. ही गोष्ट कितीतरी कामगारांना माहीत नसते. ‘आता कामावर जातोय, पेन्शन कशी मिळेल’ म्हणून ते बोर्डापुढे जातच नाहीत.

कामावर येता-जाता झालेला अपघातही २०१० च्या दुरुस्तीनंतर कामावरचाच धरला जातो. मात्र वेळ, जागा आणि कामाचा संबंध दाखवता आला पाहिजे. सिलिकोसिस किंवा गोंगाटाने आलेला बहिरेपणा असे कामामुळे होणारे ठरावीक आजारही याच कप्प्यात येतात.

आता एक इशारा. सुपरवायझर ‘घरी पडलो असं सांग, बिल कंपनी भरेल’ म्हणतो, तेव्हा या सगळ्यावर पाणी पडतं. एकाच्या केस पेपरवर पहिल्याच ओळीत ‘घरी जिन्यावरून पडून’ असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. बिल कंपनीने खरंच भरलं. महिन्याची पेन्शन मात्र गेली, कारण कागदावर तो अपघात कारखान्यात झालाच नव्हता. मालकाला अपघाताची नोंद ठेवावी लागते आणि कळल्यापासून २४ तासांत अहवाल द्यावा लागतो. तो दिलाय का, हे घरच्यांनी ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात जाऊन विचारावं. नसेल दिला तर कामगाराने स्वतः लेखी कळवावं आणि पोच घ्यावी. बोर्डाचा टक्का कमी वाटला तर अपील करता येतं.

पायरी ४: ईएसआयसी नसेल, तर मालकाची जबाबदारी

बांधकाम, छोटं गॅरेज, ट्रक, ऊसतोड अशा ठिकाणी ईएसआयसी बहुधा नसते. तिथे १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागू होत आला. त्याच्या तरतुदी आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. ईएसआयसी आणि ही भरपाई एकाच अपघातासाठी दोन्ही मिळत नाहीत.

हिशोब असा: कायमच्या पूर्ण अपंगत्वाला मासिक पगाराच्या ६० टक्के गुणिले कायद्याच्या तक्त्यात त्या वयासमोर दिलेला आकडा. २०२० पासून हिशोबासाठी पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात. चाळिसाव्या वर्षीचा आकडा १८४.१७ आहे. म्हणजे ९,००० गुणिले १८४.१७, एकूण १६,५७,५३०. पूर्ण अंगठ्याचे त्यातले ३० टक्के, म्हणजे ४,९७,२५९. दावा दोन वर्षांच्या आत नुकसानभरपाई आयुक्तांकडे करायचा. महाराष्ट्रात हे काम कामगार न्यायालयं करत आली आहेत.

इथे ‘कमाईची ताकद’ ही मोजपट्टी किती लांब जाऊ शकते ते बघा. डावा हात गमावलेल्या एका सुताराचा खटला सत्तरच्या दशकात सर्वोच्च न्यायालयात गेला होता. तक्त्याप्रमाणे एका हाताला शंभर टक्के मिळत नाहीत. पण एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याच्यासाठी ते शंभर टक्केच, असं न्यायालयाने मान्य केलं. त्यामुळे अर्जात नुसतं ‘अंगठा गेला’ लिहून थांबू नका. रोज हातात काय धरावं लागत होतं, काय उचलावं लागत होतं आणि आता त्यातलं काय जमत नाही, हे सविस्तर लिहा.

रस्त्यावर दुसऱ्याच्या गाडीने धडक दिली असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा रस्ता वेगळा उघडा असतो. तिथेही राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालापासून डॉक्टरचा टक्का आणि कमाईतला तोटा वेगवेगळे मोजतात. या दाव्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली आहे, तेव्हा वकिलाकडे लवकर जा.

पायरी ५: स्वतः पॉलिसी घ्यायची तर

विमा नियामकाने एप्रिल २०२१ पासून ‘सरल सुरक्षा बीमा’ नावाची एकसारखी अपघात पॉलिसी आणली. सगळ्या कंपन्यांत अटी त्याच, हप्ता वेगळा. विमा रक्कम अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंत. मृत्यू, पीटीडी आणि पीपीडी मुळातच असतात. टीटीडी, हॉस्पिटलचा खर्च आणि मुलांच्या शिक्षणाची मदत हे जास्तीचे पैसे भरून घ्यायचे पर्याय. तुलना करायला सोपी म्हणून सुरुवात हिच्यापासून करावी.

पण टीटीडीचा आकडा कागदावर मांडून बघा. तिथे आठवड्याला मूळ विमा रकमेच्या ०.२ टक्के मिळतात, जास्तीत जास्त शंभर आठवडे. दहा लाखांच्या पॉलिसीवर आठवड्याला दोन हजार, महिन्याला आठ-नऊ हजार. चाळीस हजार कमावणाऱ्या घराचं यात भागत नाही. पन्नास लाखांची घेतली तर आठवड्याला दहा हजार, म्हणजे त्याच्या पगाराइतके. इतर काही पॉलिसींत आठवड्याला एक टक्का देतात, पण वर कमाल मर्यादा घालतात. रक्कम निवडताना मृत्यूचा आकडा बाजूला ठेवा आणि ‘सहा महिने घरी बसलो तर आठवड्याला किती येतील’ इथून उलट हिशोब करा.

दुसरी काळजी धंद्याची. अपघात पॉलिसीचा हप्ता वयापेक्षा कामावरून ठरतो. टेबलावरचं काम पहिल्या गटात, हाताने करायची मेहनतीची कामं दुसऱ्यात, खाण, स्फोटकं, उच्च दाबाच्या विजेच्या तारा असली कामं तिसऱ्यात. पॉलिसी घेताना क्लार्क होतात आणि आता साइटवर जाता, तर कंपनीला लेखी कळवा. शंभर-दोनशे रुपये वाचवायला ‘ऑफिस वर्क’ लिहिलेला फॉर्म दाव्याच्या वेळी नेमका वर येतो. दारू पिऊन गाडी चालवणं, स्वतःला केलेली इजा, गुन्हा करताना झालेली दुखापत, आधीपासून असलेलं व्यंग, हे बहुतेक सगळीकडे वगळलेलं असतं.

आजाराने आलेलं अपंगत्व

इथपर्यंत सगळं अपघाताभोवती फिरलं, कारण आपल्याकडे अपंगत्वाचा विमा म्हणून जे विकलं जातं ते जवळपास सगळं अपघाताचंच. अर्धांगवायू झाला, मधुमेहाने पाय कापावा लागला, तर अपघात पॉलिसी एक पैसाही देत नाही. माझ्या मते घरातली सर्वांत मोठी उघडी बाजू हीच.

थोडे आधार आहेत. ईएसआयसीत साध्या आजारपणाला वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के रोज मिळतो. क्षयरोग, कर्करोग, अर्धांगवायू असे ३४ दीर्घ आजार असतील, तर पुरेशी जुनी नोकरी असलेल्याला ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत. पीएफच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत नोकरीत असताना कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर दहा वर्षांच्या सेवेची अट लागत नाही. एका महिन्याचं योगदान जमा असलं तरी फॉर्म १०-डी भरून पेन्शन मागता येते. किमान रक्कम महिना एक हजार, म्हणजे तुटपुंजी. पण कारण आजार असलं तरी चालतं.

बाकी गंभीर आजाराची, म्हणजे क्रिटिकल इलनेसची पॉलिसी. तिच्यात स्ट्रोकची व्याख्या ठरलेली आहे: मज्जासंस्थेतला कायमचा दोष निदान तीन महिने टिकलेला दिसला पाहिजे. चार आठवड्यांत हात पूर्ववत हलू लागला तर देवाची कृपा, पण दावा बसत नाही.

पायरी ६: अपघाताच्या दिवशीचे कागद

दाव्याचं बरंच काही पहिल्या दोन दिवसांत ठरतं आणि त्या वेळी घरचे रक्ताच्या बाटल्यांमागे धावत असतात. म्हणून नात्यातल्या एकाला फक्त कागदांवर बसवा.

केस पेपरवर दुखापत कशी, कुठे, किती वाजता झाली हे बरोबर लिहिलंय का, ते त्याच दिवशी वाचा. रस्ता, रेल्वे, बुडणं, मारामारी असेल तर पोलिसात नोंद हवीच: एफआयआर, पंचनामा, हॉस्पिटलची एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसची वैद्यकीय नोंद). साप चावला किंवा झाडावरून पडलं, तर सुरक्षा विमा योजनेत लगेच दाखल केल्याची हॉस्पिटलची नोंदही चालते. विमा कंपनीला ईमेलने कळवा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, बिलं यांच्या मूळ प्रती एकाच कंपनीला देऊन बसू नका. निश्चित रकमेच्या विम्यांत एका अपघातासाठी अनेक ठिकाणांहून पैसे मिळू शकतात, तेव्हा साक्षांकित प्रतींचे चार संच करून ठेवा.

टीटीडीसाठी डॉक्टरकडून ‘विश्रांती घ्या’ एवढंच लिहून घेऊ नका. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत कामाला पूर्ण अक्षम, असं हवं, आणि त्याच तारखांचा रजेचा दाखला मालकाकडून. कायमच्या अपंगत्वाचं प्रमाणपत्र जखम स्थिरावल्यावरच मिळतं. त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डापुढे ठरलेल्या दिवशी जावं लागतं. तिथे काही महिने गेले आणि दरम्यान पॉलिसीतली १८० दिवसांची किंवा बारा महिन्यांची मुदत जवळ आली, तर प्रमाणपत्राची वाट न बघता दावा दाखल करा. सोबत ‘प्रमाणपत्र प्रलंबित’ असं पत्र आणि बोर्डाच्या अर्जाची पावती जोडा.

पायरी ७: नकार आला तर

नकार तोंडी ऐकून घेऊ नका, लेखी मागा. त्यात पॉलिसीचं कुठलं कलम लावलंय ते असलं पाहिजे. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार करता येते, फोन १५५२५५. पैशांचा खरा निर्णय हवा असेल तर विमा लोकपाल. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्याला कार्यालयं आहेत. पन्नास लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, फी नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं. मात्र तेच प्रकरण ग्राहक आयोगात आधी नेलं असेल तर लोकपाल ते घेत नाही, म्हणून क्रम चुकवू नका. ईएसआयसीच्या तक्रारी इथे चालत नाहीत, त्यांच्यासाठी कर्मचारी विमा न्यायालय आहे.

सुनावणीला जाताना पॉलिसीच्या तक्त्याचं पान, डॉक्टरचा कागद आणि नकाराचं पत्र एकावर एक लावून न्या, आणि तिन्हींत दुखापतीसाठी कुठले शब्द वापरलेत ते पेन्सिलने अधोरेखित करून ठेवा. डॉक्टरने ‘हालचाल मर्यादित’ लिहिलंय आणि तक्ता ‘वापर पूर्ण गमावणं’ मागतोय, तर अडकलंय ते तिथेच. हाताचा किती वापर उरलाय हे डॉक्टरांकडून पुन्हा तपासून, सविस्तर लिहून घेऊन मगच आत जा.